गोव्यात शिडाच्या जुन्या जहाजावर स्कूबा करता येतं का? सुंची रीफबद्दल विचारायचंय

अनिकेत_फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला असतो, गेल्या सीझनला ग्रँड आयलंडला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. सुझीज रेकवर, म्हणजे तिथल्या एका बुडालेल्या जहाजावर पण गेलो, फार भारी वाटलं, लोखंडी सांगाड्यातून तांबोशींचा थवा असा समोरून आला की मी श्वास घ्यायचा की सोडायचा तेच विसरलो क्षणभर. पण ते लोखंडी मालवाहू जहाज. मला लहानपणापासून वेड आहे ते शिडाच्या जहाजांचं, डोलकाठ्या, तोफा, पोर्तुगीजांची ती लिस्बनहून निघून सहा सहा महिन्यांनी मांडवीच्या तोंडाशी पोचणारी गलबतं. एवढी शतकं ती आपल्याकडे येत होती म्हणजे काही तरी बुडालीच असणार ना इथे.

कुठेतरी वाचलं की दोनापावलच्या एनआयओवाल्यांना, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना, वास्कोच्या बाहेरच्या समुद्रात सुंची रीफ म्हणून पाण्याखालच्या खडकाची जागा आहे तिथे असं जहाज सापडलं होतं. तर विचारायचंय की तिथे आपल्यासारख्यांना डाइव्ह करता येतो का, ओपन वॉटर सर्टिफिकेटवर चालतं का, आणि खाली गेल्यावर नक्की काय दिसतं? एका बोटवाल्याने मला सांगितलं की जास्त पैसे द्या, पोर्तुगीज जहाज दाखवतो, डोलकाठीसकट उभं आहे म्हणाला. मला ते जरा पटलं नाही म्हणून इथे विचारतोय. कोणी खरंच गेलंय का?

वास्को_प्रशांत

अनिकेत, पहिलं म्हणजे त्या बोटवाल्याला पैसे देऊ नको. डोलकाठीसकट उभं असलेलं शिडाचं जहाज गोव्यात नाही, आणि आपल्या समुद्रात असूच शकत नाही. मी मूळचा मालवणचा, गेली बरीच वर्षं वास्कोत डाइव्हिंग शिकवतो, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो.

लाकूड आपल्या गरम खाऱ्या पाण्यात उघडं राहिलं की संपलं. जहाज पोखरणारा जो किडा असतो, त्याला इंग्रजीत शिपवर्म म्हणतात पण तो खरं तर शिंपल्याच्या जातीचा जीव आहे, तो आत शिरून फळीची अक्षरशः चाळण करतो. सागवान जरा जास्त टिकतं, पण तेही वाळूच्या वर राहिलं तर जातंच. स्वीडनचं ते वासा जहाज १६२८ ला बुडालं आणि १९६१ ला जवळजवळ अख्खं वर काढलं, लोक त्याचे फोटो बघतात आणि तसंच इथे असेल असं धरून चालतात. बाल्टिक समुद्राचं पाणी थंड आणि कमी खारट, तिथे हा किडा जगत नाही, म्हणून ते टिकलं. इथे तसं होणं शक्य नाही.

सुंची रीफ उथळ आहे, अगदी उथळ, जिथे वस्तू मिळाल्या ती खोली साधारण तीन ते सहा मीटर. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की सोपं आहे. उलट आहे रे. तुला बॉयन्सीच्या, म्हणजे पाण्यात तरंगत राहण्याच्या क्लासमध्ये शिकवलं असेल की वरच्या दहा मीटरमध्येच प्रेशर दुप्पट होतं, म्हणजे तिथे अर्ध्या मीटरचा फरकसुद्धा अंगातल्या हवेच्या जॅकेटला जाणवतो, तू वर गेलास की आणखी वर खेचला जातोस आणि खाली आलास की दगडावर आपटतोस. त्यात रीफवर लाट फुटते, तिची सर्ज, म्हणजे पुढेमागे होणारी ओढ, खाली पोचते, तुला दोन मीटर पुढे नेते आणि दोन मीटर मागे आणते आणि हे सतत चालू. खाली शिंपले, ऑयस्टर, समुद्री साळिंदर सगळं धारदार. पंधरा मीटरवर शांत तरंगणारा माणूस चार मीटरवर गडबडलेला मी नेहमी बघतो. आणि उथळ आहे म्हणून श्वास रोखून वर आलो तर काय होतंय असं कधी मनात आणू नकोस, तीन मीटरवरून श्वास रोखून वर आलेल्याचं पण फुप्फुस फाटू शकतं.

सीझनचं म्हणशील तर ऑक्टोबर ते मे, पण ऑक्टोबरात मांडवी झुआरीचं गढूळ पाणी अजून निवळलेलं नसतं. मला विचारशील तर डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही तिथी बघून जा. पुनवेला आणि अमावास्येला उधाण, पाणी जोरात ओढतं, तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी संथ, तेव्हा दिसतं. सकाळी लवकर निघायचं, जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तोवर समुद्र कसा चोपून बसवल्यासारखा असतो, अकरा बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुरू झाला की रीफवर उभं राहवत नाही. सगळं जुळून आलं तरी पाच सहा मीटर दिसलं तर नशीब समज, अंदमानचे फोटो डोळ्यासमोर ठेवून येऊ नको.

टूर म्हणून आम्ही कोणाला सुंचीवर नेत नाही. का ते मृण्मयीताई सांगतील, त्या इथे असतात, त्यांचं शिक्षणच सागरी पुरातत्त्वाचं.

मृण्मयी_दोनापावल

प्रशांतदादांनी नाव घेतलं म्हणून लिहिते, आणि विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सुंची रीफवर एनआयओच्या सागरी पुरातत्त्व विभागाने जे शोधलं ते १७व्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज व्यापारी जहाज मानतात. आता त्यात काय मिळालं ते बघा म्हणजे कळेल की मी एवढी का तळमळते. लोखंडी तोफा, नांगर, पितळी बंदुकीची नळी, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मर्तबानी रांजणांचे तुकडे, काचेच्या बाटल्यांचे तळ, घडीव ग्रॅनाइटचे दगड, आणि हत्तीचे दात आणि पाणघोड्याचे दात. पाणघोडा! गोव्याच्या समुद्रात!

आता या एकेका वस्तूला स्वतंत्र बघितलं तर ती जुन्या बाजारातली वस्तू आहे. एकत्र बघितलं तर अख्खा हिंदी महासागर आहे. पाणघोड्याचा दात आफ्रिकेखेरीज येणार कुठून, म्हणजे मोझांबिकच्या बाजूचा माल. तिकडचं हस्तिदंत गोव्यात आणि गुजरातेत उतरायचं, त्याच्या बांगड्या व्हायच्या, मूर्ती व्हायच्या. मर्तबानी रांजण आजच्या म्यानमारच्या मर्तबान बंदराच्या नावाचे, त्यात पाणी, तेल, लोणचं काय वाटेल ते भरायचे. चिनी मातीची भांडी पूर्वेकडून. आणि हे सगळं एकाच तळावर, एकाच जहाजाच्या पोटातलं. या वस्तू एकत्र होत्या म्हणूनच आपल्याला हे समजलं. कोणीतरी आधीच दात उचलून नेले असते आणि कोणी दुसऱ्याने भांड्याचे तुकडे नेले असते तर आज आपण फक्त एवढंच म्हणालो असतो की इथे काही तोफा पडल्यात बुवा.

अनिकेत, तू विचारलंस खाली काय दिसतं. शिडाचं जहाज बुडाल्यावर जे उरतं ते जहाजासारखं दिसत नाही आणि हे मनाशी पक्कं करूनच उतरायचं. सगळ्यात आधी नजर दगडांवर ठेवायची. जहाज डुगडुगू नये म्हणून तळाला जे नीरम भरायचे ते दगड सडत नाहीत, विरघळत नाहीत, जहाजाचं लाकूड गेलं तरी ते जागच्या जागी ढिगाने राहतात. आपल्याकडचा खडक जांभा, खडबडीत, भोकाभोकांचा. त्यात मधेच गुळगुळीत करड्या गोट्यांचा ढीग दिसला की थांबायचं. हे कुठल्यातरी नदीतले गोटे, इथे आपणहून आलेले नाहीत.

दुसरं म्हणजे सरळ रेषा. निसर्गात सरळ रेष फार कमी. तोफ ही तोफ म्हणून दिसतच नाही, तिच्यावर चुना, शिंपले, प्रवाळ, गंज यांचं जाड कवच बसलेलं असतं, एखादा लांबट दगड पडलाय असंच वाटतं. पण एका टोकाकडे जाड आणि दुसरीकडे निमुळता, आणि साधारण मधोमध दोन्ही बाजूंना दोन आखूड खुंट, जे गाड्यावर टेकवायला असतात, ते दिसले की ती तोफ. पहिल्यांदा बघताना डोळ्यांना लागत नाही, मग एक दिसली की शेजारची दिसते आणि मग तो सगळा तळ बोलायला लागतो.

टॉर्च न्यायचाच. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो, चार पाच मीटरवर सुद्धा भाजलेली माती आणि काळा दगड एकसारखे करडे दिसतात. टॉर्च मारला की खापर एकदम लालभडक उठून येतं.

सेंट जॉर्ज रीफवर दुसरं एक सापडलंय ते याहून अलीकडचं. तिथे भाजलेल्या मातीचे घडीव स्तंभशीर्ष, म्हणजे खांबाच्या वरचा नक्षीचा भाग, आणि छपराची कौलं, विटा असा माल मिळाला, त्यावर बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५ असा शिक्का. आपल्या घरांवरची ती मंगळुरी कौलं नाहीत का, त्यांचाच कारखाना. आता बरेच जण म्हणतात की जहाज १८६५ ला बुडालं. तसं नाही, १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं साल, शिक्का तोच पुढे चालू राहिला, म्हणजे जहाज १८६५ नंतरचंच, किती नंतरचं ते दुसऱ्या पुराव्यावरून ठरवायचं. मला तर ते चित्र फार जवळचं वाटतं. मंगळूरहून कौलं घेऊन निघालेलं जहाज, कोणाच्या तरी नव्या घराचं छप्पर आणि व्हरांड्याचे खांब, आणि ते घर कधी त्या खांबांवर उभं राहिलंच नाही. आपल्या आजोबा पणजोबांच्या काळातली गोष्ट आहे ही, फत्तेमाऱ्या, म्हणजे शिडाची मालवाहू गलबतं, अशाच कौलं भरून किनाऱ्याने ये जा करायच्या.

अमी शोल या उथळ जागेवर आहे ते वाफेवर चालणारं जहाज, बॉयलर आणि इंजिनाचे भाग, आगविटा. ते वेगळं.

आणि हो, १६३९ साली डचांनी मुरगावजवळ पोर्तुगीजांची तीन मोठी गलबतं जाळली, ते वाचून लोक लगेच सुंचीचं नातं त्याच्याशी जोडतात. कृपा करून जोडू नका. जहाजाची ओळख माल, बांधणी, तोफांची घडण यांवरून होते, जवळपासची लढाई शोधून होत नाही.

देसाई_डिचोली

ताई, माहिती मस्त, पण एक प्रामाणिक प्रश्न आहे, रागावू नका. तीनशे चारशे वर्षं पडलेल्या वस्तू तिथे पडूनच राहणार, लाटा त्यांना फोडणार, मच्छीमारांची जाळी ओढणार. एखाद्या डाइव्हरने एक लहानसा तुकडा आणून घरी काचेच्या कपाटात नीट ठेवला तर तो वाचलाच ना? माझ्या आत्याच्या घरी असा निळ्या नक्षीचा चिनी मातीचा तुकडा आहे, तिच्या सासऱ्यांना कधीतरी किनाऱ्यावर मिळालेला. ती जपते त्याला देवासारखं.

मृण्मयी_दोनापावल

अजिबात रागावत नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा होता कोणीतरी.

वाचत नाही हो तो. समुद्राखाली इतकी वर्षं राहिलेल्या वस्तूने आतपर्यंत मीठ प्यायलेलं असतं. पाण्यात असते तोवर ती आणि समुद्र यांचं एक जमलेलं असतं. बाहेर काढून वाळवली की आतल्या मिठाचे स्फटिक होतात, ते फुगतात आणि खापराचं वरचं झिलईचं आवरण पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. खापर गोड्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत बदलत, हळूहळू मीठ काढावं लागतं, मग वाळवायचं. लोखंडाचं तर विचारूच नका. तोफेचं कवच फोडून तिला अंगणात ठेवली तर वरवर दणकट दिसते, पण आतलं लोखंड जाऊन नुसता मऊ काळा भाग उरलेला असतो, हवा लागली की क्लोराइडमुळे ती घामेजते, तडे जातात आणि काही वर्षांत ढलप्या पडून ढीग होतो. तोफ नीट टिकवायची तर कवच काढून अल्कधर्मी द्रावणात ठेवून त्यातून वीज सोडून इलेक्ट्रोलिसिस करावं लागतं, महिनोन् महिने, मोठी तोफ असेल तर वर्षानुवर्षं. कोणाच्या घरी होणार ते? म्हणून जगभर आता पहिला पर्याय हाच मानतात की आहे तिथेच ठेवा, आणि काढायचं असेल तर टिकवायची पूर्ण सोय करूनच काढा.

कायदा पण बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू धरतात, ती देशाबाहेर नेता येत नाही, धंदा करायला परवाना लागतो. मर्चंट शिपिंगच्या कायद्यात सुद्धा बुडालेल्या जहाजाचं काही हाती लागलं तर सरकारी अधिकाऱ्याला कळवायची जबाबदारी सापडणाऱ्यावर आहे. म्हणजे मला मिळालं म्हणून माझं, असा हिशोब नाही.

आत्याच्या तुकड्याचं मात्र वेगळं. तो किनाऱ्यावर वाहून आलेला, मूळ जागा आधीच सुटलेली. तुम्ही एक करा, आत्याला विचारून लिहून ठेवा, कोणत्या किनाऱ्यावर, साधारण कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, आसपास आणखी काही होतं का. पावसाळ्यानंतर मिळाला असेल तर ते पण महत्त्वाचं, कारण पावसाळ्यातल्या लाटा तळ ढवळून काढतात. पुढून, मागून आणि तुटलेल्या कडेचा फोटो काढा, शेजारी शाळेतली पट्टी ठेवून. ती माणसं आहेत तोवर हे करून घ्या.

आनंद_बायणा

मी डाइव्हर नाही, आमचं रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचं घर. पण वरचं सगळं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

आमच्या बाबांना समुद्रातल्या अशा जागा पाठ होत्या, कारण जाळी फाटायची. जीपीएस नव्हतं तेव्हा किनाऱ्यावरच्या खुणा धरायच्या, ही टेकडी त्या देवळाच्या मागे आली आणि तो दिवा त्या कड्याच्या बाहेर दिसायला लागला की थांबायचं, तिथे जाळं टाकायचं नाही. बाबा म्हणायचे "थंय घालूं नाका, फाटतलें." खाली खडक आहे की आणखी काही ते त्यांना माहीत नव्हतं. पण त्या जागेच्या कडेला गळ टाकला तर मासा मात्र भरपूर, गोबरे यायचे मोठाले. आता कळतंय की तळाला काहीही उंचवटा असला की मासा धरतो.

माझं म्हणणं असं आहे की शोधणाऱ्यांनी आमच्यासारख्यांच्या घरी येऊन बसावं. जुने तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, आता थोडे उरले. त्यांच्याकडे वहीत काही लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात, आणि नवीन पोरं सगळी तळ दाखवणारं साउंडर यंत्र बघून जातात. एकदा काही लोक आले होते, बाबांकडून तासभर सगळं विचारून घेतलं, बोटीने जाऊन जागा दाखवायला लावली आणि नंतर काय झालं ते कधी कळवलं सुद्धा नाही. बाबांना त्याचं वाईट वाटलं. पैशांचं नाही, खाली काय होतं ते त्यांना ऐकायचं होतं.

आणि तुटलेली जाळी. देसाईसाहेब म्हणाले ते खरं आहे, अशा जागी जाळी अडकून राहतात आणि मासे मारत राहतात. डाइव्हर लोकांनी ती काढायला मदत केली तर आम्हाला आवडेल. पण विचारून करा.

मृण्मयी_दोनापावल

आनंददादा, तुमच्या बाबांच्या बाबतीत झालं ते फार चुकीचं झालं. आवाजाने तळ शोधणारं सोनार आणि लोखंड शोधणारं मॅग्नेटोमीटर नंतर येतात, कुठे बघायचं हे बऱ्याचदा मच्छीमार आणि डाइव्हरच सांगतात. बाबांना चालणार असेल तर मला भेटायला आवडेल, त्या खुणा कागदावर उतरवून घेऊ, एक प्रत तुमच्याच घरी राहील आणि पुढे जे कळेल ते आधी त्यांना सांगेन.

जाळ्यांबद्दल एक लक्षात घ्या. दगडावर अडकलेलं जाळं काढणं ठीक, पण जिथे जुन्या वस्तू असण्याची शक्यता आहे तिथे जाळं ओढायचं नाही. जाळ्याबरोबर अर्धं कवच निघून येतं. कापून, तुकड्या तुकड्याने, आणि आधी फोटो.

अनिकेत_फोंडा

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रशांतदादा, मृण्मयीताई, आनंददादा, मनापासून आभार. बोटवाल्याला नकार कळवला.

पण मग एक खंत वाटते ती सांगतोच. हे सगळं आपल्या दारात आहे आणि आपण कोणीच बघू शकत नाही असंच राहणार का? बाहेर लोक अशा जहाजांवर डाइव्ह करतातच ना, पैसे भरून? मला काही उचलायचं नाही, मला फक्त बघायचंय. त्या तोफेच्या शेजारी एकदा तरंगायचंय. आणि जे बघितलंय त्याबद्दल माणसाला आपलेपणा वाटतो, न बघितलेल्या गोष्टी सांभाळायला कोण पुढे येणार?

वास्को_प्रशांत

बरोबर बोललास, आणि मी पण हेच म्हणत आलोय.

अमेरिकेत फ्लोरिडात इस्लामोराडाजवळ सॅन पेद्रो म्हणून जहाज आहे, १७३३ च्या वादळात स्पॅनिश ताफ्यातली जहाजं बुडाली त्यातलं एक. खोली जेमतेम साडेपाच मीटर, म्हणजे आपल्या सुंचीसारखीच. तिथे काय केलं, मूळ तोफा नव्हत्याच उरलेल्या, म्हणून तोफांच्या प्रतिकृती करून खाली ठेवल्या, नांगर ठेवला, माहितीफलक लावला, बोटी बांधायला तरंगते बोये दिले म्हणजे कोणी नांगर टाकून तळ उकरणार नाही, आणि पाण्याखालचं राज्य उद्यान म्हणून लोकांना खुलं केलं. स्नॉर्कल करणारा पण बघू शकतो. मूळ राहिलेला नीरमाचा ढीग तिथेच आहे.

गोव्यात हे का होऊ नये? वास्कोतली आम्ही माणसं बोटी चालवायला आहोत, शिकवायला आहोत, रापणकारांच्या पोरांना डाइव्ह मास्टर करून त्यांच्याच हाती ती जागा द्यावी. आपल्याकडे एनआयओ इथेच, दोनापावलला. पण एक अट, आधी नोंद आणि राखण, मग पर्यटक. उलट क्रमाने झालं तर एका सीझनमध्ये सगळं साफ होईल, हे पण मला दिसतं. बोटीचा एक नांगर चुकीच्या जागी पडला तरी चारशे वर्षांचं कवच फुटतं.

मृण्मयी_दोनापावल

आणि जवळ बघायचं तर श्रीलंका. गॉलच्या खाडीत एव्हॉन्डस्टर नावाचं डच कंपनीचं जहाज १६५९ ला बुडालं, मुळात ते इंग्रजांचं, डचांनी पकडलेलं. किनाऱ्यापासून अगदी जवळ, उथळ पाण्यात, वाळूखाली असल्यामुळे त्याचं लाकूड पण बरंच राहिलं होतं. श्रीलंकेच्या लोकांनी त्याच्यावर काम करता करता स्वतःची सागरी पुरातत्त्वाची टीम उभी केली. मग २००४ च्या त्सुनामीने त्यांची प्रयोगशाळाच उद्ध्वस्त केली आणि तरी ती माणसं परत उभी राहिली. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

लिस्बनच्या तोंडाशी आणखी एक आहे, नोसा सेन्योरा दुश मार्तिरेश. १६०६ ला भारतातून मिरी भरून परत गेलं आणि घर डोळ्यासमोर असताना ताग्युस नदीच्या मुखाशी फुटलं. पुरातत्त्ववाल्यांना त्याच्या लाकडांत मिरीचे दाणे सापडले, आपल्या मलबारच्या वेलीवरचे, चारशे वर्षांनी. म्हणजे आपल्याकडे आफ्रिकेचा दात आणि त्यांच्याकडे आपली मिरी.

अनिकेत, बघण्याबद्दल. तू नुसता पाहुणा म्हणून न जाता उपयोगी पडशील असा हो. इंग्लंडची नॉटिकल आर्किऑलॉजी सोसायटी हौशी डाइव्हरांसाठी कोर्स घेते, पाण्याखाली मापं कशी घ्यायची, स्केच कसं काढायचं. टेप, पाटी, पेन्सिल हाताळत एका जागी स्थिर राहणं जमलं पाहिजे. आणि वाळू हाताने वारायची सवय असेल तर आत्ताच मोड. सगळे डाइव्हर हे करतात, काही दिसतंय का बघायला तळहाताने वाळू उडवतात. वाळूखाली हवा पोचत नाही, किडा पोचत नाही, तिथे चारशे वर्षं फळी टिकलेली असू शकते आणि तू दोन मिनिटांत तिला उघडी पाडून निघून येतोस. पुढच्या सीझनला ती नसते.

देसाई_डिचोली

ताई, आत्याशी फोनवर बोललो. किनारा सिकेरी, साल तिला नक्की आठवत नाही पण तिचं लग्न व्हायच्या आधी, आणि चवथीच्या आसपास म्हणजे पाऊस ओसरताना. सासऱ्यांना तेव्हा दोन तुकडे मिळाले होते, एक शेजाऱ्यांनी नेला. रविवारी जाऊन फोटो काढतो, पट्टी ठेवून. दुसऱ्या तुकड्याची चौकशी पण करतो.

मृण्मयी_दोनापावल

फार छान. तुटलेल्या कडेचा फोटो नक्की काढा, सावलीत, फ्लॅश न मारता. कडेवरून माती किती बारीक ते कळतं. आणि तुकडा धुवू नका.

वास्को_प्रशांत

अनिकेत, तुझ्यासाठी. डिसेंबरात अष्टमी बघून ये बायण्याला, सकाळी साडेसहाला. आधी सुझीजच्या बाजूच्या वाळूत चार मीटरवर नुसतं तरंगायचं, काही बघायचं नाही, काही पकडायचं नाही, पाय न हलवता एका जागी पाच मिनिटं. ते जमलं की पाटी पेन्सिल देतो आणि लोखंडाच्या एका पत्र्याचं माप घेऊन स्केच काढायला लावतो. पायातली फिन मारताना बेडकासारखी बाजूला मारायची, खाली वर नाही, गाळ उठता कामा नये. वजनाच्या पट्ट्यात एखादा किलो जास्त घेऊ, उथळ पाण्यात लागतो. येताना स्वतःचा टॉर्च असेल तर आण, आणि मुंबईची फ्लाइट वगैरे असेल तर डाइव्हनंतर अठरा तास तरी मधे ठेव.

आनंद, तू पण ये रे बोटीवर, बाबांना घेऊन. त्या खुणा वरून दाखवा आम्हाला, कोणती टेकडी कोणत्या देवळामागे ते.

आनंद_बायणा

बाबांना विचारलं. म्हणाले येतो, पण सातच्या आत निघायचं, नंतर वारा फिरतो.